ज्यूरी ड्यूटीचं पत्र आलं की: कॅलिफोर्नियातल्या नव्या नागरिकांसाठी

नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी आपल्यापैकी अनेकांनी शंभर प्रश्नांची ती यादी गाडीत, स्वयंपाक करताना, रात्री मुलांना झोपवताना पाठ केली. त्यात एक प्रश्न होता: फक्त अमेरिकी नागरिकांवर असलेली एक जबाबदारी सांगा. उत्तरं दोनच होती, ज्यूरीत (खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात) बसणं आणि केंद्रीय निवडणुकीत मत देणं. मी मतदानाचं उत्तर देऊन मोकळी झाले होते. शपथविधीनंतर दीड वर्षानं सांता क्लारा काउंटीच्या सुपीरियर कोर्टाचं पत्र टपालात आलं, तेव्हा दुसरं उत्तर आठवलं.

असं पत्र आलं की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला प्रश्न हमखास येतो, "यातून सुटायचं कसं?" माझं मत आधीच सांगून टाकते. खरी अडचण असेल तर तारीख पुढे ढकला, पण सुटायच्या मागे लागू नका. समोर बसलेल्या आरोपीचं सगळं आयुष्य पणाला लागलेलं असतं आणि त्याच्यासाठी बसणारी बारा माणसं आपल्याच वस्त्यांमधून यायची असतात. पुढची माहिती कॅलिफोर्निया राज्याच्या कोर्टांची आहे, त्यातही मला ओळखीच्या सॅन होजे परिसराची. न्यू जर्सी, टेक्सास, इलिनॉय इथले नियम आणि भत्ते वेगळे आहेत. तिथल्या मंडळींनी आपापल्या पत्रावरचा मजकूर प्रमाण मानावा.

पत्र हातात आल्यावर

हे पत्र म्हणजे समन्स. घाबरू नका, तुमच्यावर कुठलाही आरोप नाही. नावं मतदारयादीतून, डीएमव्हीच्या (गाडीचं लायसन्स देणाऱ्या खात्याच्या) लायसन्स-यादीतून आणि आता राज्याचा कर भरणाऱ्यांच्या यादीतूनही उचलली जातात. म्हणून ग्रीन कार्डवाल्यांना, एच-वन व्हिसावर असलेल्यांनाही ते येतं. त्यांना ज्यूरीत बसता येत नाही, पण पत्र कचऱ्यात टाकूनही चालत नाही. ऑनलाइन किंवा कागदावर "मी नागरिक नाही" या चौकटीवर खूण करून उत्तर पाठवा, की विषय संपला. चुकूनही उलटी खूण करू नका. नागरिक नसताना नागरिक असल्याचं सांगणं पुढे इमिग्रेशनमध्ये फार महागात पडतं. नागरिक असून "नाही" म्हणणंही तितकंच चूक आहे, कारण हे उत्तर खोटं ठरल्यास शिक्षा होऊ शकते या अटीवरच तुम्ही सही करता.

पात्रतेच्या बाकी अटी साध्या आहेत: वय १८ पूर्ण, त्या काउंटीत राहणं, आणि खटला समजण्याइतकं इंग्रजी. या शेवटच्या अटीवर आपली माणसं फार अडतात. "माझं इंग्रजी तेवढं चांगलं नाही" असं लिहून देणारे काही जण दिवसभर ऑफिसात इंग्रजीतच बोलत असतात. तुम्हाला कायद्याची पुस्तकं वाचायची नाहीत. साक्षीदार काय म्हणतोय ते समजलं आणि आपलं म्हणणं चार लोकांत मांडता आलं की पुरे. तुमचे उच्चार मराठी वळणाचे असले तरी कुणाचं काही बिघडत नाही.

समन्सकडे दुर्लक्ष केलं तर दंड १,५०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. पण याच भीतीचा फायदा घेणारे भामटेही आहेत. "मी शेरिफच्या ऑफिसातून बोलतोय, तुम्ही ज्यूरी ड्यूटीला आला नाहीत, वॉरंट निघालंय, आत्ता पैसे भरा", असा फोन आला तर तो ठेवून द्या. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही, गिफ्ट कार्डाचे नंबर तर कधीच मागत नाही. घरात आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा. दुपारी घरातला फोन तेच उचलतात.

तारीख बदलायची असेल तर

भारताची तिकिटं काढलीत, मुलीची परीक्षा आहे, प्रोजेक्टची डेडलाइन आहे, यातलं काहीही असो, एकदा तारीख पुढे नेणं सोपं असतं. पत्रावरच्या नंबरानं कोर्टाच्या संकेतस्थळावर जा आणि साधारण ९० दिवसांच्या आतली सोयीची तारीख निवडा. दिवाळी आणि नाताळाच्या सुट्ट्या कॅलेंडरवर बघूनच निवडा, कारण दुसऱ्यांदा पुढे ढकलायला कारण द्यावं लागतं.

पूर्ण सूट मिळण्याची कारणं मोजकी आहेत: पर्यायी सोय होऊ न शकणारी घरच्या माणसाची शुश्रूषा, टोकाची आर्थिक ओढाताण, आजार किंवा अपंगत्व, जाण्यायेण्याचं काहीच साधन नसणं, किंवा एका बाजूचा प्रवास दीड तासापेक्षा जास्त असणं. ७० वर्षांवरच्या व्यक्तीला प्रकृतीमुळे जमणार नसेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नुसतं लिहून देता येतं. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला एक वर्षापर्यंत सवलत मिळते आणि ती मागायला कोर्टात जावंही लागत नाही. कमी ऐकू येत असेल किंवा व्हीलचेअर लागत असेल, तर सूट मागण्याआधी सोय मागून बघा. ऐकायचं यंत्र, बसायची वेगळी जागा अशा गोष्टी कोर्ट देतं. मात्र किमान ५ कामकाजाचे दिवस आधी कळवा.

ऑफिस आणि पैसे

पत्र आल्या दिवशीच मॅनेजरला आणि एचआरला त्याची प्रत पाठवा. ज्यूरीला गेल्याबद्दल कंपनी कामावरून काढू शकत नाही की त्रास देऊ शकत नाही. पगार द्यावा असं मात्र कॅलिफोर्नियाचा कायदा खासगी कंपन्यांना सांगत नाही. मोठ्या कंपन्या बहुधा काही दिवसांचा देतात, म्हणून हँडबुक उघडून बघा. ओव्हरटाइम न मिळणाऱ्या, ठरलेल्या पगाराच्या नोकरीत असाल तर केंद्रीय नियम तुमच्या बाजूनं आहे: त्या आठवड्यात तुम्ही थोडंही काम केलं असेल, तर ज्यूरीसाठी गेलेल्या दिवसांचा पगार कापता येत नाही.

कोर्टाचा भत्ता नावापुरता आहे, दुसऱ्या दिवसापासून दिवसाला १५ डॉलर आणि वर प्रवासाचे थोडे पैसे. पहिल्या दिवसाचं काही नाही. तासाच्या रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाला यात घर चालवता येत नाही, आणि म्हणून ज्यूरीत पगारदारांचीच गर्दी होते. ही मला या पद्धतीतली सर्वात मोठी उणीव वाटते. सॅन फ्रान्सिस्कोनं २०२२ मध्ये कमी उत्पन्नाच्या ज्यूररना दिवसाला १०० डॉलर द्यायला सुरुवात केली, ती योग्य दिशा आहे. समन्स फेडरल म्हणजे केंद्रीय कोर्टाचं असेल तर भत्ता दिवसाला ५० डॉलर असतो. तेव्हा पत्राच्या माथ्यावर कोर्ट कुठलं आहे ते नीट वाचा, कारण पत्ता, वेळा, नियम सगळंच त्यावर ठरतं.

आदली संध्याकाळ

समन्सवर तुमचा ग्रुप नंबर असतो. पत्रात सांगितलेल्या वेळी संकेतस्थळ बघा किंवा रेकॉर्ड केलेला संदेश ऐका. तुमच्या ग्रुपला बोलावलं असेल तरच जायचं. नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. असे ५ कामकाजाचे दिवस बोलावणं आलं नाही तर तुमची सेवा पूर्ण झाली, घरबसल्या. बोलावलं आणि दिवसभरात कुठल्याही खटल्यासाठी निवड सुरू झाली नाही, तरी त्या एका दिवसात सेवा संपते. याला इथे "एक दिवस किंवा एक खटला" म्हणतात. त्या आठवड्यात बाहेरगावच्या मीटिंगा ठेवू नका, आणि रोज नंबर बघायचा गजर लावा. विसरणं हीच नवख्यांची सर्वात मोठी चूक.

कोर्टात पोचल्यावर

सॅन होजेत फौजदारी खटल्यांसाठी बहुधा वेस्ट हेडिंग स्ट्रीटवरच्या हॉल ऑफ जस्टिसला बोलावतात, पण मॉर्गन हिल किंवा पालो आल्टोही असू शकतं. गाडी कुठे लावायची ते पत्रावर असतं. व्हीटीएची लाइट रेल सिव्हिक सेंटर स्टेशनवर सोडते आणि तिथून कोर्ट चालत काही मिनिटांवर आहे. सकाळी सुरक्षा तपासणीला रांग असते. विमानतळासारखीच, म्हणून वीस-पंचवीस मिनिटं हाताशी ठेवा. किल्ल्यांच्या जुडग्यातला मिरीचा स्प्रे, छोटा चाकू, कात्री, विणकामाच्या सुया घरीच ठेवा. सफरचंद घरूनच कापून न्या.

कपडे ऑफिसला घालतो तसे. हाफ पँट, बिनबाह्यांचे टीशर्ट आणि स्लिपर नकोत. स्वेटर किंवा शाल मात्र घ्याच, भर उन्हाळ्यातही. कोर्टरूममधला एसी दोन तासांत हुडहुडी भरवतो.

ज्यूररच्या मोठ्या हॉलमध्ये पत्रावरचा बारकोड दाखवून हजेरी लावायची, बिल्ला घ्यायचा, आणि माहितीपट बघून थांबायचं. वाट बघणं हाच दिवसाचा मोठा भाग असतो. वाय-फाय, स्वच्छतागृह, चहा-कॉफी आणि खाऊची मशिनं असतात, लॅपटॉप उघडून काम करता येतं. चार्जर न्या आणि पुस्तकही न्या, कारण भिंतीतले प्लग लवकर पटकावले जातात. मुलांना बरोबर नेऊ नका, ज्यूररच्या मुलांना सांभाळायची सोय बहुतेक कोर्टांत नसते. बाळाला पाजायला किंवा दूध काढायला खोली हवी असेल तर हजेरीच्या खिडकीवर विचारा.

जेवणाची सुट्टी साधारण दीड तासाची असते आणि जेवण आपलं आपण बघायचं. शाकाहारी माणसानं डबा न्यावा हे उत्तम. पोळी-भाजीचा रोल, दही-भात, थालीपीठ, म्हणजे गरम न करता खाता येईल असं काही. डबा हॉलमध्ये किंवा बाहेर बाकावर खायचा, कोर्टरूममध्ये पाण्याखेरीज काही चालत नाही. औषधाच्या वेळा असतील किंवा मधुमेहामुळे मध्येच खावं लागत असेल, तर बेलिफला आधीच सांगा. बेलिफ म्हणजे गणवेशातला पोलीस अधिकारी, आणि खटलाभर ज्यूररची सगळी कामं त्याच्यामार्फतच होतात.

निवड: इथे खरं बोलायचं, बस्स

नावं पुकारली की तुम्ही कोर्टरूममध्ये जाता. बहुतेक वेळा गरजेपेक्षा कितीतरी जास्त माणसं नेतात. न्यायाधीश खटला कशाबद्दल आहे आणि किती दिवस चालेल ते सांगतात. लांबलचक खटला असेल आणि खरोखरच जमण्यासारखं नसेल तर ते सांगायची वेळ हीच. मग बारा आणि काही राखीव जण निवडण्यासाठी प्रश्न सुरू होतात: काय काम करता, घरात पोलीस किंवा वकील आहे का, तुमच्यावर किंवा घरच्यांवर कधी गुन्हा घडलाय का, पोलिसाची साक्ष इतरांइतकीच तोलाल का.

मला याच टप्प्याची धास्ती होती. पन्नास अनोळखी माणसांसमोर माइकवर बोलायचं आणि त्यातले शब्द माझ्या उच्चारांत. प्रत्यक्षात न्यायाधीशांनी शांतपणे ऐकलं, एकदा पुन्हा सांगायला लावलं, आणि पुढे गेले. इथे चांगलं उत्तर म्हणजे खरं उत्तर, एवढंच. भारतात पोलिसांचा अनुभव वाईट असेल तर तसं म्हणा. लहानपणी घरात चोरी झाली असेल तर सांगा. एखादी गोष्ट सगळ्यांसमोर बोलवत नसेल, उदाहरणार्थ घरातला छळ किंवा लैंगिक अत्याचार, तर "मला हे खासगीत सांगायचं आहे" एवढं म्हणायचं. न्यायाधीश तशी सोय करतात.

मग वकील काही जणांना वगळतात. निःपक्ष राहता येणार नाही असं दिसलं तर न्यायाधीश वगळतात, आणि दोन्ही बाजूंना ठराविक संख्येत कारण न देताही नाव काढता येतं. नाव काढलं गेलं तर मनाला लावून घेऊ नका. भेदभाव होऊ नये म्हणून कॅलिफोर्नियानं २०२० मध्ये कायदा केला आणि तो २०२२ पासून फौजदारी खटल्यांत लागू आहे. नाव काढण्यावर आक्षेप आला तर वकिलाला कारण द्यावं लागतं; त्यातली काही कारणं या कायद्यानुसार सकृतदर्शनीच अवैध धरली जातात, आणि त्यांत "इंग्रजी मातृभाषा नाही" आणि "दुसरी भाषा येते" ही दोन्ही कारणं आहेत. हे वाचल्यावर माझी अर्धी धास्ती गेली.

खटला चालू असताना

निवड झाली की काही नियम अगदी कडक. खटल्याबद्दल कुणाशीही बोलायचं नाही. नवऱ्याशी नाही, बायकोशी नाही, आईशी व्हिडिओ कॉलवरही नाही. इतर ज्यूररशीसुद्धा नाही, निकालाची चर्चा सुरू होईपर्यंत. मला हा नियम घरी सर्वात जड गेला. जेवताना "काय केस आहे गं?" असा प्रश्न रोज यायचा. पहिल्याच दिवशी घरात स्पष्ट सांगा, "संपल्यावर सगळं सांगेन, तोवर विचारू नका." कोर्टात जातेय, किती वाजता परत येईन, एवढं सांगायला हरकत नाही.

गूगल करायचं नाही. आरोपीचं नाव, वकील, औषधाचं नाव, घटनेचा चौक, काहीही नाही. नकाशा बघायचा नाही, तिथून मुद्दाम जायचं नाही, एआयला विचारायचं नाही, सोशल मीडियावर एक ओळही लिहायची नाही. इंजिनियर मंडळींना हे विशेष अवघड जातं, कारण न समजलेला शब्द लगेच शोधायची सवय हाडात मुरलेली असते. हा नियम मोडला तर खटला रद्द होऊ शकतो आणि तुमच्यावर कोर्टाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते. शंका असेल तर चिठ्ठी लिहून बेलिफकडे द्या, ती न्यायाधीशांपर्यंत पोचते.

बाहेरचं वारं ज्यूरीला लागलं की काय होतं हे मुंबईनं पाहिलंय. १९५९ च्या नानावटी खटल्यात, म्हणजे नौदल अधिकाऱ्यावरच्या खुनाच्या खटल्यात, ज्यूरीनं ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं, तेव्हा "ब्लिट्झ" साप्ताहिकानं उघडपणे त्याची बाजू उचलून धरलेली होती. न्यायाधीशांना निकाल पटला नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि तिथे जन्मठेप झाली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतून ज्यूरी वगळलीच गेली. म्हणून आपल्या पिढीतल्या कुणालाच भारतात हा अनुभव नाही.

दुभाष्याबद्दलचा नियम आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचा. साक्षीदार हिंदीत, मराठीत, गुजरातीत बोलला आणि दुभाष्यानं इंग्रजीत सांगितलं, तर पुरावा म्हणजे दुभाष्याचं इंग्रजी. मूळ वाक्य तुम्हाला कितीही नीट कळलेलं असो. शेजारच्या ज्यूररला "तो खरं म्हणजे असं म्हणाला" असं सांगायचं नाही. भाषांतर चुकलंय असं वाटलं तर ताबडतोब चिठ्ठी लिहून न्यायाधीशांना कळवायचं, आणि पुढचं ते बघतील. पहिल्यांदा ऐकताना हे अन्यायाचं वाटतं. पण अकरा जणांनी एक साक्ष ऐकायची आणि बाराव्यानं दुसरीच, हे त्याहून वाईट. चिठ्ठीची वाट मात्र नक्की वापरा, संकोच करू नका. १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा "केसरी"तले मराठी लेख ज्यूरीपुढे इंग्रजी भाषांतरातून गेले, आणि शब्दांचे अर्थ कसे चुकवलेत हे टिळकांना स्वतः उभं राहून सांगावं लागलं. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. निकाल ७ विरुद्ध २ असा दोषी लागला आणि शिक्षा झाली सहा वर्षं मंडालेची. एका शब्दाचा अर्थ किती भारी पडतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

आणखी दोन छोट्या गोष्टी. कॉरिडॉरमध्ये वकील तुमच्याकडे बघणारही नाहीत, नमस्कारही करणार नाहीत. तो उद्धटपणा नाही, त्यांना बोलायची मनाई असते. आणि वहीत टिपणं घ्यायला परवानगी असते, पण वही घरी न्यायची नाही.

चर्चेची खोली

दोन्ही बाजूंचं म्हणणं संपलं की न्यायाधीश कायदा समजावतात आणि बारा जणांना एका खोलीत बसवतात. फोन काढून घेतात. आधी एक प्रमुख निवडायचा. फौजदारी खटल्यात निकाल एकमतानंच लागतो, बाराच्या बारा. दिवाणीत नऊ पुरेत. आरोपीनं काही सिद्ध करायचं नसतं. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करणं हे सरकारी वकिलाचं काम. साक्षीत काय म्हटलं होतं यावर वाद झाला तर नोंद पुन्हा वाचून दाखवायची मागणी करता येते. आम्ही ती दोनदा केली आणि दोन्ही वेळा माझी आठवण चुकीची निघाली.

मोठ्यानं बोलणारे दोघे-तिघे प्रत्येक खोलीत असतात. आपल्यातले बरेच जण, विशेषतः बायका, अशा वेळी "जाऊ दे" म्हणून गप्प बसतात. इथे गप्प बसू नका. तुमचं मत पटण्यासारख्या कारणानं बदललं तर जरूर बदला, पण घरी लवकर जायचं म्हणून बदलू नका. एकमत झालंच नाही तर तसं न्यायाधीशांना कळवता येतं.

संपल्यावर

निकाल वाचला गेला की बोलण्यावरची बंदी उठते. वकील बाहेर थांबून विचारतील, सांगायचं की नाही ही तुमची मर्जी. फौजदारी खटल्यात ज्यूररची वैयक्तिक माहिती त्यानंतर सीलबंद राहते. एखादी साक्ष किंवा फोटो मनातून जात नसेल तर घरच्यांशी, डॉक्टरांशी बोला. मला दोन आठवडे नीट झोप लागली नव्हती.

भत्त्याचा चेक टपालानं येतो, आणि ते करपात्र उत्पन्न आहे. निघण्याआधी खिडकीवरून हजेरीचं प्रमाणपत्र मागून घ्या. एक प्रत एचआरला द्या आणि मूळ कागद नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये ठेवा. बारा महिन्यांच्या आत त्याच कोर्टाचं पत्र पुन्हा आलं, तर त्या कागदावरची तारीख लिहून उत्तर पाठवलं की त्या वर्षी पुन्हा जावं लागत नाही.